उसन्या चेहऱ्याचे ऋण

मराठीत ‘सोंग’ हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. लळितात अथवा दशावतारात एखादे सोंग चांगले वठले की आपण मान डोलावतो. आणि कोणी झोपेचे सोंग घेतले की त्याला लबाड ठरवून मोकळे होतो. एकाच शब्दात कलेचे कौतुक आणि खोटेपणाचा ठपका शेजारी शेजारी नांदावेत, हा निव्वळ भाषेचा योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही. नटाच्या व्यवसायाविषयी माणसाच्या मनात जी जुनी शंका आहे, ती या शब्दाने जपून ठेवली आहे. ती शंका अशी: जो माणूस पैसे घेऊन दुसऱ्याचा चेहरा लावतो, त्याच्यावर त्या चेहऱ्याची काही जबाबदारी येते काय? आणि येत असेल, तर ती त्याने कोणापाशी फेडावयाची?

प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये नगराच्या रक्षकांना हीन गोष्टींच्या अनुकरणापासून दूर ठेवावे असे सुचविले, कारण लहानपणापासून चालविलेले अनुकरण अखेर स्वभावात मुरते, अशी त्याची धारणा होती. अठराव्या शतकात फ्रेंच विचारवंत दिदरो याने नेमकी उलट बाजू घेतली. थोर नट प्रेक्षकांना रडवितो, पण स्वतः कोरडा राहतो, असे त्याचे प्रतिपादन. एकाला मुखवटा चिकटण्याचे भय, तर दुसऱ्याला तो कधीच चिकटत नाही याची खात्री. दोघांचेही लक्ष मात्र नटाच्या अंतःकरणाकडेच आहे. ज्याचा चेहरा उसना घेतला, तो माणूस दोघांच्याही विवेचनात कोठे दिसत नाही. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो त्या तिसऱ्या माणसाचा. आणि त्यासाठी तर्कापेक्षा एका नटाचे आयुष्य अधिक उपयोगी पडेल असे वाटते. तो नट म्हणजे इंग्रजी रंगभूमीवरील व चित्रपटांतील सर अ‍ॅलेक गिनेस (१९१४–२०००).

गिनेस यांची निवड आम्ही विचारपूर्वक केली आहे. त्यांच्यापाशी स्वतःचा म्हणावा असा चेहराच नव्हता, असे त्यांच्याविषयी नेहमी बोलले जाई, आणि ही गोष्ट केवळ रंगभूषेपुरती खरी नव्हती. २ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला, तेव्हा जन्मनोंदीतील वडिलांच्या नावाची जागा कोरी राहिली. वयाची चौदा वर्षे होईपर्यंत त्यांना तीन वेगवेगळी आडनावे लागली. आई भाड्याच्या खोल्या व हॉटेले बदलत राहिली. मागे राहत त्या न भागविलेल्या बिलांच्या चिठ्ठ्या. ज्याला नावच उसने मिळाले, त्याने उसन्या चेहऱ्यांवर आयुष्य काढावे यात काही विलक्षण संगती आहे. जाहिरातींचा मजकूर लिहिण्याची नोकरी सोडून ते नाटकाकडे वळले. १९३४ मध्ये जॉन गिलगुड यांनी आपल्या ‘हॅम्लेट’मध्ये त्यांना ऑझ्रिकची लहानशी भूमिका दिली, १९३८ मध्ये, चोविसाव्या वर्षी, ओल्ड विक या नाट्यगृहात आधुनिक पोशाखात ते स्वतःच हॅम्लेट झाले. पुढे महायुद्ध आले. नौदलात जाऊन १९४३ च्या सिसिलीवरील चढाईत त्यांनी सैन्य उतरविणाऱ्या एका जहाजाचे नेतृत्व केले. युद्धानंतर चित्रपटांत त्यांचा खरा बोलबाला झाला. १९४९ च्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये एका सरदार घराण्यातील आठ व्यक्ती त्यांनी एकट्याने रंगविल्या. पाद्री, सेनापती, दर्यासारंग, एवढेच काय, एक बाईसुद्धा! या आठांचे एकेक करून झालेले मरण पाहून इंग्लंड पोट धरून हसले. ती थट्टा इंग्रजांनी आपल्याच वरच्या वर्गाची केलेली होती. ज्यांची थट्टा झाली त्यांचे राजवाडे, पदव्या आणि जमिनी दुसऱ्या दिवशीही जागच्या जागी होत्या. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज पडेल.

आता एक प्रसंग सांगतो. तो गिनेस यांनीच १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. १९५४ साली पडद्यावर आलेल्या ‘फादर ब्राऊन’ या चित्रपटात ते चेस्टरटनच्या कथांमधील कॅथलिक पाद्री झाले होते. चित्रीकरण फ्रान्समधील बरगंडी प्रांतातल्या एका खेड्यात चालले होते. एका संध्याकाळी काम आटोपून ते पाद्र्याच्या काळ्या झग्यातच मुक्कामाकडे पायी निघाले. वाटेत सात-आठ वर्षांचा एक मुलगा धावत आला. त्याने ‘फादर’ अशी हाक मारून त्यांचा हात घट्ट धरला आणि अखंड बडबड करीत तो त्यांच्याबरोबर चालू लागला. आपल्या मोडक्या फ्रेंचने मूल घाबरेल या भीतीने गिनेस गप्प राहिले. काही वेळाने मुलाने त्यांना नमस्कार केला, निरोप घेतला आणि तो एका कुंपणाच्या फटीतून दिसेनासा झाला. परक्या, अनोळखी माणसाचा हात त्या मुलाने केवळ झगा पाहून धरला होता.

कॅथलिक पंथाविषयी गिनेस यांच्या मनात इंग्रज माणसाला साजेशी अढी होती. ज्या वेषावर एक मूल इतका विश्वास टाकते, त्या वेषामागची संस्था आपण समजत होतो तितकी कपटी नसावी, असा विचार त्या संध्याकाळी प्रथम त्यांच्या मनात आला. त्याच सुमारास त्यांचा मुलगा मॅथ्यू पोलिओने कमरेखाली लुळा पडला होता. कामावरून परतताना गिनेस घराजवळच्या एका लहान कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसत. मुलगा बरा झाला आणि पुढे त्याला त्या पंथात जावेसे वाटले, तर आपण आड येणार नाही, असे त्यांनी देवाला सांगून टाकले. मुलगा बरा झाला. मार्च १९५६ मध्ये गिनेस यांनी स्वतः कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली.

प्लेटो असता तर म्हणाला असता, पाहा, मुखवटा चिकटला! आमच्या मते येथे घडले ते निराळे आहे. गिनेस यांनी त्याआधी आठ सरदार केले, पण ते सरदार झाले नाहीत. चोर व खुनी केले, पण त्यांनी चोरी वा खून केला नाही. नुसता वेष चिकटत असता तर सगळेच चिकटले असते. झग्याने त्यांना बदलले नाही. झग्यावर विसंबलेल्या एका मुलाने बदलले. वेष लटका होता, पण विश्वास खरा होता, आणि तो विश्वास आपण न मिळविताच आपल्या पदरात पडला याची त्यांना जाणीव झाली. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या रामलीलेत रामाचे सोंग घेतलेल्या पोरासमोर म्हाताऱ्याकोताऱ्या डोके टेकवितात. कोकणात व गोव्यात देवाचे सोंग घेतलेल्या नटाला गावकरी भक्तिभावाने हात जोडतात. त्या पोराला आपण राम नाही हे पक्के ठाऊक असते. तरी त्या क्षणी तो चपापत नसेल, तर त्याच्या सोंगात काही तरी उणे आहे असे आम्ही म्हणू. तो चपापणे म्हणजेच ऋणाची पहिली जाणीव होय. दीक्षा घेतल्याने गिनेस संत झाले नाहीत. पिअर्स पॉल रीड यांनी लिहिलेल्या अधिकृत चरित्रावरून दिसते की घरात त्यांची जीभ पत्नीला अनेकदा बोचे. ऋणाची जाणीव होणे आणि ते फिटणे यांत अंतर असतेच.

‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (१९५७) या चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. जपान्यांच्या छावणीत पत्र्याच्या भट्टीसारख्या कोठडीत डांबलेला कर्नल निकल्सन बाहेर येतो, त्याचे पाय साथ देत नाहीत, तरी ताठा सोडायचा नाही म्हणून तो धडपडत चालत जातो. ते चालणे गिनेस यांनी पोलिओतून उठणाऱ्या आपल्या मुलाचे उचलले होते, असे त्यांनीच सांगितले आहे. बापाने मुलाची वेदना उसनी घ्यावी आणि तिच्यावर जगाची वाहवा मिळवावी, हे ऐकून क्षणभर अंगावर काटा येतो. पण तो प्रसंग पाहिलेल्याला त्यात वेदनेची विटंबना दिसत नाही. जे घेतले ते आदराने घेतले आहे, आणि ज्याचे घेतले त्याची मान त्या दृश्यात ताठच राहते. उसनवारी निर्दोष कधी असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही.

आता याच नटाची दुसरी उसनवारी पाहू. १९४८ मध्ये डेव्हिड लीन यांनी डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’वर चित्रपट काढला. पोरांना खिसे कापावयास शिकविणारा म्हातारा ज्यू फॅगिन, ही भूमिका गिनेस यांनी लीन यांच्या मनात नसताना, स्वतः रंगभूषा करून दाखवून मिळविली. पहिल्या आवृत्तीतील जॉर्ज क्रुइकशँकची चित्रे समोर ठेवून लांबलचक बाकदार नाक बसविण्यात आले. अभिनयाच्या दृष्टीने काम अव्वल होते. चित्र जिवंत होऊन उतरल्यासारखे वाटे. पण साल १९४८ होते. साठ लाख ज्यूंच्या संहाराला तीन वर्षेच लोटली होती, आणि अशाच नाकांची व्यंगचित्रे छापून नाझींनी त्या संहाराची जमीन भुसभुशीत केली होती. १९४९ मध्ये बर्लिनमध्ये चित्रपट लागला तेव्हा छळातून वाचलेले ज्यू रस्त्यावर आले, पोलिसांशी चकमकी झाल्या आणि खेळ बंद करावे लागले. अमेरिकेत तो १९५१ पर्यंत दाखविला गेला नाही, आणि दाखविला तेव्हाही कापून.

गिनेस अथवा लीन यांच्या मनात ज्यूंविषयी द्वेष होता असे म्हणण्यास आधार नाही. त्यांना एका जुन्या कादंबरीशी प्रामाणिक राहावयाचे होते. पण ती कादंबरी लिहिणारा या बाबतीत त्यांच्या पुढे गेला होता. १८६३ मध्ये एका ज्यू बाईने डिकन्सला पत्र लिहून, फॅगिन रंगवून तुम्ही आमच्या समाजावर अन्याय केला आहे, असे कळविले. डिकन्सने आधी आपली बाजू मांडली, पण शब्द त्याला लागला. पुढच्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीत त्याने राया नावाचा सज्जन ज्यू उभा केला. आणि १८६७ च्या आवृत्तीत फॅगिनचा उल्लेख जेथे जेथे नुसता ‘ज्यू’ म्हणून केला होता, त्यांपैकी कितीतरी जागा बदलल्या. लेखकाने आपले ऋण हयातीत, अंशतः का होईना, फेडले. ऐंशी वर्षांनी आलेल्या चित्रपटाने मात्र लेखकाच्या दुरुस्तीकडे पाठ फिरवून तिच्या आधीच्या चित्रांकडे धाव घेतली. पुस्तकाशी इमान राखण्याच्या नादात पुस्तकाच्या पश्चात्तापाशी बेइमानी झाली, असे आम्हांस म्हणावेसे वाटते.

यावर आक्षेप येईल की अशाने कला लंगडी होईल. प्रत्येक समाज आपल्यातील खलनायकावर हरकत घेऊ लागला तर नाटककाराने लिहावे कोणाविषयी? हा आक्षेप हलका नाही. कोणीही कोणाचेही सोंग घेऊ नये असा नियम केला, तर नटाची कलाच संपते. कारण दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे, हेच तिचे सार. इतकेच नव्हे, तर माणसामाणसांतील सहानुभूतीही संपते, कारण तीही मनातल्या मनात घेतलेले दुसऱ्याचे सोंगच असते. म्हणून आम्ही मनाई मागत नाही. आमचे म्हणणे इतकेच की सगळी सोंगे सारख्या व्याजाची नसतात. आठ सरदारांचे सोंग घेतले तेव्हा सरदारांचे काही बिघडले नाही, हे आम्ही वर ध्यानात ठेवावयास सांगितले ते यासाठी. फॅगिनचे नाक लावले तेव्हा ज्यांचा तो चेहरा होता त्यांच्यापाशी आपला चेहरा सांभाळण्याचे बळ उरले नव्हते. ज्याच्याकडून उसने घ्यावयाचे तो जितका दुबळा, तितके व्याज अधिक. सावकारीत व्यवहार उलटा चालतो. नीतीत असा चालतो.

ऋण केवळ ज्याचा चेहरा घेतला त्याचेच असते असेही नाही. पाहणाऱ्याचेही असते. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला. त्यातील ओबी-वान केनोबी या वृद्ध योद्ध्याच्या भूमिकेने गिनेस यांना अमाप पैसा मिळवून दिला. दिग्दर्शकाच्या वाट्यातील सव्वादोन टक्के त्यांना मिळत होते. त्यांचे मन मात्र त्यात कधी रमले नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीवजा पुस्तकात त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधील बारा वर्षांच्या एका मुलाची हकिगत दिली आहे. हा चित्रपट आपण शंभराहून अधिक वेळा पाहिला, असे मुलाने अभिमानाने सांगितले. गिनेस यांनी त्याच्याकडून वचन मागितले की यापुढे तो पुन्हा पाहू नकोस. मुलगा रडू लागला आणि आई संतापली. गिनेस यांचे वागणे कठोर होते, कदाचित उद्धटही. चाहत्यांनी त्यांना यासाठी पुष्कळ नावे ठेवली. पण बरगंडीच्या त्या मुलाशेजारी सॅन फ्रान्सिस्कोचा हा मुलगा उभा केला की आम्हांस एकच माणूस दोन प्रसंगी एकाच काळजीने वागताना दिसतो. दोन्ही मुलांनी झगा घातलेल्या नटावर विश्वास टाकला होता. पहिल्या वेळी त्या विश्वासाने नटाला कोठे तरी नेले. दुसऱ्या वेळी तो मुलाला कोठेच नेत नाही, जागच्या जागी फिरवीत ठेवतो, असे नटाला दिसले. ज्या भूमिकेवर आपले घर चालते तिच्याविरुद्ध मुलाला सावध करणे, हे सोपे काम नव्हे.

आता या नटाने घेतलेल्या ज्या सोंगाशी आपला, म्हणजे या पत्रिकेच्या वाचकांचा, जवळचा संबंध आहे त्याकडे वळू. १९८४ मध्ये डेव्हिड लीन यांच्याच ‘अ पॅसेज टू इंडिया’त गिनेस प्रोफेसर नारायण गोडबोले झाले. हे आडनाव कोणत्या मुलखाचे, हे येथे सांगावयास नको. मूळ कादंबरीचे लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये काही महिने इंदूरजवळच्या देवास संस्थानात, थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस होते. तेथे त्यांनी पाहिलेल्या गोकुळअष्टमीच्या उत्सवातून कादंबरीचा ‘मंदिर’ हा शेवटचा भाग उभा राहिला. त्या भागात गायकांच्या मेळ्यात गोडबोले देहभान विसरून नाचतात आणि त्या गजरात तुकारामाचे नाव येते. एका इंग्रजाच्या जगप्रसिद्ध कादंबरीत तुकोबांचे नाव जाऊन बसले ते माळव्यातील मराठी दरबारामुळे. आपल्यापैकी कित्येकांच्या आज्या-पणज्यांनी ज्या तऱ्हेची अष्टमी पाहिली असेल, तीच ही अष्टमी.

चित्रपटात काय झाले? ‘मंदिर’ हा भाग जवळजवळ वगळला गेला आणि शेवट काश्मीरच्या निसर्गात नेऊन ठेवला. गोडबोल्यांच्या नृत्यासाठी गिनेस यांनी मेहनत घेतली होती. तेही लीन यांनी अखेरच्या जुळणीत कापले, आणि गिनेस मनातून दुखावले. त्यामुळे पडद्यावर उरले ते पागोटे, सावळा रंग चढविलेला चेहरा आणि कोड्यात बोलणारा एक म्हातारा. गोडबोल्यांचा चेहरा घेतला गेला, त्यांचे भजन मागे राहिले. इंग्रज नटाने हिंदू प्राध्यापक करावा यावर तेव्हाच टीका झाली आणि आजही होते. नट मिळत नव्हता असे म्हणण्यास तर मुळीच जागा नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, १९८२ मध्ये, रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’त गोपाळ कृष्ण गोखले डॉ. श्रीराम लागू यांनी केले होते आणि कस्तुरबा रोहिणी हट्टंगडी यांनी. तरीही आमची मुख्य तक्रार नटाच्या कातडीच्या रंगाविषयी नाही. गोडबोल्यांपाशी जे द्यावयाचे होते ते त्यांना देऊ दिले नाही, ही आहे. नटाने आपल्यापुरते ऋण फेडण्याचा यत्न केला होता. कात्री दुसऱ्याच्या हाती होती. उसनवारी अनेकांची मिळून असते आणि परतफेड मात्र कोणा एकाच्या अंगावर पडते, हेही येथे दिसून येते.

हे सारे इंग्लंडचे पुराण आपण का वाचावे, असे कोणी विचारील. आपल्यापैकी काहींची घराणी शिंदे, होळकर, गायकवाड, पवार यांच्या दौलतींबरोबर मुलूख सोडून आली. काहींनी घर सोडले नाही, पण राज्यांच्या सीमाच त्यांच्या अंगणावरून सरकल्या. दोन्ही परींनी आपण शेजाऱ्यांच्या नजरेत राहणारी माणसे आहोत. शेजाऱ्याच्या नाटकात वा चित्रपटात ‘दक्षिणी पंडित’ म्हणून, मोलकरीण म्हणून अथवा हवालदार म्हणून आपले सोंग आले की आपल्या कपाळाला आठी पडते. आणि आपल्याच गणेशोत्सवातील एकांकिकेत काय असते? तोतरा शेठजी, लुंगीतला ‘अण्णा’, दूधवाला भैया. पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या गावात आपण राहिलो, ज्यांच्या दुकानातून उधारीवर सामान आणले, त्यांचेच चेहरे आपण दोन घटका हशासाठी उसने घेतो. हसू नये असे आम्ही म्हणत नाही. शेजारी शेजाऱ्याला हसतो, त्यात ओलावाही असतो. पण ‘आमच्या मनात तसे काही नव्हते’ हे उत्तर पुरेसे नाही, एवढे फॅगिनच्या हकिगतीवरून ध्यानात यावे. मनात काही नसतानाही घेतलेले देणे लागतेच.

अ‍ॅलेक गिनेस ५ ऑगस्ट २००० रोजी वारले. मागे त्यांनी एवढे चेहरे ठेवले की त्यांचा स्वतःचा कोणता, हे सांगणे कठीण आहे. त्यांच्या आयुष्यातून आम्हांस जी कसोटी मिळाली ती अगदी घरगुती आहे. ज्याचे सोंग घ्यावयाचे, त्याला पहिल्या रांगेत बसवावे आणि मग पडदा वर न्यावा. तो मोकळेपणी हसला तर सोंग सजले. तो खाली मान घालून बसला, तर टाळ्या कितीही पडोत, हिशोब बाकी आहे असे समजावे. मॅथ्यू त्या रांगेत बसू शकला असता. बर्लिनच्या रस्त्यावर उतरलेल्या माणसांना तेथे बसणे शक्य नव्हते. पुढच्या गणेशोत्सवाची एकांकिका बसविताना आपल्या गावच्या शेठजींना आणि अण्णांना आपण कोठे बसविणार आहोत, याचा विचार तालमीआधी झाला तर बरे.